आज्ञावलीतील अट आणि आवर्तन : नियंत्रणप्रवाहाच्या संकल्पनेचा इतिहास व प्रारंभिक अध्यापन

प्रस्तावना

संगणक आज्ञावलीच्या कोणत्याही प्राथमिक पाठ्यपुस्तकात आरंभीच्या प्रकरणांतच 'अट' आणि 'आवर्तन' हे दोन विषय येतात. 'इफ', 'व्हाइल' व 'फॉर' या शब्दांचे व्याकरण दोन-तीन पानांत सांगितले जाते. त्यानंतर मूळसंख्या शोधणे, क्रमगुणित काढणे यांसारखी ठरावीक उदाहरणे दिली जातात. विद्यार्थी ही उदाहरणे पाठ करतो व परीक्षेत लिहितो. मात्र उदाहरणात किंचित बदल केला, तर आवर्तनाच्या किती फेऱ्या होतील व ते संपल्यावर चलात कोणती किंमत उरेल, हे त्याला सांगता येत नाही. हा अनुभव बहुतेक महाविद्यालयांतील संगणकशास्त्राच्या अध्यापकांना परिचित आहे.

या अडचणीचे खापर सामान्यतः विद्यार्थ्याच्या तर्कशक्तीवर फोडले जाते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. आज स्वाभाविक वाटणाऱ्या या रचना प्रत्यक्षात सुमारे सव्वाशे वर्षांच्या विचारातून सिद्ध झाल्या आहेत. त्या घडविताना यंत्राला काय करता येते यापेक्षा मानवी वाचकाला काय समजू शकते, हा प्रश्न उत्तरोत्तर महत्त्वाचा ठरत गेला. प्रस्तुत निबंधात या वाटचालीचा आढावा घेऊन नवशिक्यांच्या अध्यापनासाठी तिचा अर्थ काय, याचा विचार केला आहे.

१. यंत्रमागाचे पत्ते आणि अ‍ॅडा लव्हलेस

फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या मागात छिद्रे पाडलेल्या पत्त्यांच्या मालिकेने वस्त्रावरील नक्षी नियंत्रित होत असे. मालिकेची दोन टोके जोडली की तीच नक्षी पुनःपुन्हा विणली जाई. येथे पुनरावृत्ती होती, निर्णय नव्हता. विणलेले वस्त्र पाहून माग आपला पुढील पत्ता बदलू शकत नव्हता.

इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज याने १८३४ पासून आराखडा केलेल्या 'अ‍ॅनालिटिकल एंजिन' या यंत्रात पत्त्यांची हीच कल्पना गणितासाठी वापरण्याचे योजिले होते. त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टींची भर पडली. पत्त्यांची मालिका मागे फिरविता येणार होती आणि गणनेच्या उत्तराचे चिन्ह बदलल्यास त्यानुसार पुढील कृती ठरविता येणार होती. आपण काढलेल्या उत्तराकडे पाहून यंत्राने पुढील मार्ग निवडावा, ही कल्पना येथे स्पष्ट होते.

या यंत्रावर लुइजी मेनाब्रिया याने फ्रेंच भाषेत लिहिलेल्या लेखाचा इंग्रजी अनुवाद अ‍ॅडा लव्हलेस हिने १८४३ मध्ये प्रसिद्ध केला व त्याला मूळ लेखापेक्षा मोठ्या टिपा जोडल्या. त्यांपैकी एका टिपेत तिने आवर्तनाची, तसेच आवर्तनांच्या आवर्तनाची संकल्पना मांडली. एकदाच नव्हे तर अनेकदा करावयाच्या कृतींचा संच, अशी तिची भूमिका होती. बर्नुली संख्या काढण्याच्या तिच्या प्रसिद्ध तक्त्यात १३ ते २३ या क्रमांकांच्या कृतींची पुनरावृत्ती दर्शविलेली आहे. यंत्र प्रत्यक्षात पूर्ण झाले नाही. तरी एकाच आज्ञासमूहाने, केवळ चलांच्या किमती बदलून, दर फेरीस वेगळे उत्तर मिळू शकते हा विचार नोंदला गेला. नवशिक्या विद्यार्थ्याला अवघड जाणारा विचार नेमका हाच आहे. आज्ञा त्याच राहतात, परिस्थिती बदलत जाते.

२. कागदी फितीचे वेटोळे

विसाव्या शतकातील पहिल्या स्वयंचलित गणकयंत्रांत आवर्तन ही अक्षरशः हाताने करावयाची गोष्ट होती. कॉनराड झूस याने मे १९४१ मध्ये बर्लिन येथे दाखविलेले 'झेड-३' हे यंत्र छिद्रित फितीवरील आज्ञा एकामागून एक वाचत असे. त्याच्या आज्ञांत सशर्त उडीची सोय नव्हती. १९४४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात कार्यान्वित झालेल्या हॉवर्ड एकन याच्या 'मार्क-१' या यंत्रातही आरंभी ती नव्हती. एखादी गणना पुनःपुन्हा करावयाची असल्यास कागदी फितीची दोन टोके चिकटवून तिचे वेटोळे केले जाई. 'लूप' या शब्दाचा मूळ अर्थ वेटोळे किंवा फास असा असून, या यंत्रांच्या संदर्भात तो डोळ्यांनी पाहता येत होता.

अट नसलेल्या आवर्तनाची मर्यादा येथे सहज लक्षात येते. वेटोळे केलेली फीत आपण होऊन थांबत नाही. उत्तर पुरेसे अचूक झाले की नाही, हे पाहण्यासाठी बाहेरचा कोणीतरी लागतो. आवर्तनाला अर्थ येतो तो त्याच्या समाप्तीच्या अटीमुळे. झूस याला हे उमगले होते. युद्धकाळात त्याने आखलेल्या 'प्लानकाल्क्यूल' या भाषेत अट व आवर्तन या दोहोंची योजना होती, परंतु तिचा समग्र आराखडा १९७२ पर्यंत प्रसिद्ध होऊ शकला नाही.

फिलाडेल्फिया येथे फेब्रुवारी १९४६ मध्ये जाहीर झालेल्या 'एनिअ‍ॅक' या इलेक्ट्रॉनिक यंत्रात फेऱ्या मोजण्यासाठी व एका गणनाक्रमातून दुसऱ्याकडे वळण्यासाठी स्वतंत्र विभाग होता. तारा व कळा यांची जुळणी करून आज्ञावली रचली जाई. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास व रुथ लिख्टरमन या सहा स्त्रियांनी हे काम मुख्यतः यंत्राचे आराखडे अभ्यासून आत्मसात केले. नियंत्रण कोणत्या तारेतून कोठे जाते याचा माग मनात ठेवणे, हे त्यांच्या कामाचे मर्म होते.

३. संचित आज्ञावली आणि उडी

आज्ञा व माहिती ही दोन्ही एकाच स्मृतिकोशात ठेवावी, या कल्पनेमुळे चित्र पालटले. प्रत्येक आज्ञेला पत्ता मिळाला आणि नियंत्रण कोणत्याही पत्त्यावर नेणे शक्य झाले. २१ जून १९४८ रोजी मँचेस्टर विद्यापीठातील 'बेबी' या लहान यंत्रावर संचित आज्ञावली प्रथमच यशस्वीपणे चालली. २ चा १८ वा घात, म्हणजे २,६२,१४४ या संख्येचा सर्वांत मोठा विभाजक शोधण्याचे काम तिला दिले होते. त्या संख्येहून एकने लहान संख्येपासून आरंभ करून एकेक संख्या तपासत खाली यावयाचे आणि भागाकार म्हणजे वारंवार वजाबाकी, अशी पद्धत होती. अवघ्या १७ आज्ञांच्या या आज्ञावलीने ५२ मिनिटे काम करून १,३१,०७२ हे उत्तर दिले. संचयकातील संख्या ऋण असल्यास पुढील आज्ञा वगळावी, एवढीच निर्णयाची सोय यंत्रात होती.

या उदाहरणाचे शैक्षणिक मूल्य मोठे आहे. सतरा ओळींतून लक्षावधी कृती घडल्या. मजकूर लहान राहिला आणि प्रक्रिया अफाट झाली. संगणकाचे सामर्थ्य या विषमतेत आहे, आणि आज्ञावली समजून घेण्यातील अडचणही तीतूनच उद्भवते.

ही अडचण ओळखून हर्मन गोल्डस्टाइन व जॉन फॉन नॉयमन यांनी १९४७-४८ मधील आपल्या अहवालांत प्रवाहचित्रांची पद्धत मांडली. नियंत्रणाचा मार्ग बाणांनी व चौकटींनी दाखविण्याची ही रीत पुढे जगभर पाठ्यपुस्तकांत रूढ झाली. मात्र त्यांच्या आकृत्यांत केवळ बाण नव्हते. विशिष्ट ठिकाणी चलांविषयी काय सत्य असते, याची नोंद करण्याचीही तरतूद होती. पुढील काळातील अध्यापनात बाण टिकले, ही नोंद मात्र बहुधा गळून पडली.

४. फोर्ट्रान ते अल्गोल

१९५७ मध्ये आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखालील गटाने 'फोर्ट्रान' ही भाषा उपलब्ध केली. तिच्यातील अट यंत्राच्या वळणाची होती. एखाद्या पदावलीची किंमत ऋण, शून्य किंवा धन आल्यास कोणत्या क्रमांकाच्या विधानाकडे जावे, असे तीन क्रमांक लिहावे लागत. आवर्तनासाठी 'डू' हे विधान होते. त्या काळच्या बहुतेक प्रणालींत त्याची तपासणी फेरीच्या शेवटी होत असल्याने आवर्तन किमान एकदा चालेच. शून्य फेऱ्यांची शक्यता प्रमाणित होण्यास 'फोर्ट्रान ७७' ची वाट पाहावी लागली. तपासणी आधी की नंतर हा आज किरकोळ वाटणारा प्रश्न एका प्रमुख भाषेत जवळजवळ वीस वर्षे रेंगाळला, हे नवशिक्याच्या गोंधळाचा विचार करताना ध्यानात घेण्यासारखे आहे.

१९६० च्या 'अल्गोल ६०' अहवालाने वेगळी दिशा दाखविली. 'जर–तर–अन्यथा' हे विधान एकसंध झाले. त्यामागे जॉन मॅकार्थी यांनी पुरस्कारिलेल्या सशर्त पदावलीची प्रेरणा होती. आरंभ व अंत दर्शविणाऱ्या शब्दांनी विधानांचा गट बांधता येऊ लागला. उडी मारण्याच्या पत्त्याऐवजी अटीचे कार्यक्षेत्रच मजकुरात दिसू लागले. तरीही एक 'अन्यथा' नेमक्या कोणत्या 'जर'ला लागू, हा संदिग्धतेचा प्रश्न उभा राहिलाच.

५. 'गोटू' विधानाचा वाद

कोणत्याही ओळीवर उडी मारण्याचे 'गोटू' हे विधान अल्गोलमध्येही होतेच. आज्ञावली मोठ्या होऊ लागल्या तशा या उड्यांच्या जाळ्यातून अर्थ लावणे दुष्कर झाले. १९६६ मध्ये कोराडो बोम व जुझेप्पे जाकोपिनी यांनी सिद्ध केले की कोणतेही प्रवाहचित्र क्रम, निवड व आवर्तन या तीन रचनांत, आवश्यक तेथे साहाय्यक चल वापरून, मांडता येते. मुक्त उडी तात्त्विक दृष्ट्या अनावश्यक ठरली.

मार्च १९६८ मध्ये एड्स्खर डाइक्स्ट्रा यांचे 'गोटू' विरोधातील पत्र प्रसिद्ध झाले. त्याचे गाजलेले शीर्षक संपादक निकलाऊस विर्थ यांनी दिले होते. पत्राचा रोख पुष्कळदा केवळ एका विधानावरील बंदी असा समजला जातो. वास्तविक त्यातील युक्तिवाद मानवी आकलनाविषयी होता. मनुष्याला स्थिर संबंध सहज उमगतात, परंतु काळात उलगडणारी प्रक्रिया डोळ्यांपुढे आणणे त्याला कठीण जाते. म्हणून कागदावरील मजकूर आणि काळात घडणारी प्रक्रिया यांतील अंतर शक्य तेवढे कमी करावे, असा त्याचा आशय होता. १९६९ मध्ये टोनी होअर यांनी, रॉबर्ट फ्लॉइड यांच्या १९६७ च्या कार्याचा आधार घेऊन, आज्ञावलीविषयी तर्कशुद्ध सिद्धता देण्याची पद्धत मांडली. आवर्तनाच्या प्रत्येक फेरीत जे विधान सत्य राहते ते शोधणे, हा तिचा गाभा होय.

या विचाराचा अतिरेकही झाला. डोनाल्ड नूथ यांनी १९७४ मधील दीर्घ लेखात काही प्रसंगी, विशेषतः आवर्तनाच्या मधूनच बाहेर पडताना, उडी अधिक सुबोध ठरते असे दाखवून दिले. महत्त्व विधानाच्या नावाला नसून रचनेच्या स्पष्टतेला आहे, हा त्यांचा निष्कर्ष संतुलित होता.

६. भारतीय संदर्भ

भारतात या विद्येचा प्रारंभ यंत्रभाषेपासूनच झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रचलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतिकोशात ४० अंशांचे २,०४८ शब्द मावत. १९६३ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत 'आयबीएम १६२०' आणि १९६४ मध्ये टाटा संस्थेत 'सीडीसी ३६००' हे संगणक आले, आणि फोर्ट्रान ही अभियंत्यांच्या व वैज्ञानिकांच्या शिक्षणाची भाषा बनली.

शाळांपर्यंत मात्र दुसरी भाषा पोहोचली. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी व टॉमस कर्ट्‌झ यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली 'बेसिक' ही भाषा विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठीही होती. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने आरंभिलेल्या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पात बीबीसी संगणक वापरले गेले. त्यांवरील बेसिकमध्ये 'रिपीट–अंटिल' हे आवर्तन होते, पण अट एका ओळीतच लिहावी लागे. पुढे महाविद्यालयांत पास्कल व नंतर 'सी' या भाषा आल्या. अशा रीतीने एकाच पिढीतील अध्यापकांना क्रमांकित ओळींपासून महिरपी कंसांपर्यंतचा प्रवास करावा लागला. व्याकरण दर वेळी नव्याने शिकविले गेले. त्यामागील कारण मात्र क्वचितच सांगितले गेले.

७. नवशिक्याच्या अडचणींचा अभ्यास

कोणती रचना सुबोध, हा प्रश्न १९७० नंतर प्रयोगाने तपासला जाऊ लागला. इंग्लंडमध्ये सिम, ग्रीन व गेस्ट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आज्ञावलीचा पूर्वानुभव नसलेल्यांना उडीपेक्षा एकात एक गुंफलेली अट सोपी गेल्याचे आढळले. संरचित पद्धतीला यातून आधार मिळाला.

१९८३ मध्ये सोलोवे, बोनार व अर्लिख यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९९९९९ ही खुणेची संख्या येईपर्यंत संख्या वाचून त्यांची सरासरी काढावी, हा त्यातील प्रश्न होता. पास्कलच्या 'व्हाइल' आवर्तनात पहिली संख्या बाहेर वाचून, आत आधी प्रक्रिया व मग पुढील वाचन अशी उलट मांडणी करावी लागते. वाचा, तपासा, प्रक्रिया करा हा स्वाभाविक क्रम ज्या रचनेत मधून बाहेर पडण्याच्या सोयीमुळे शक्य होता, तीत विद्यार्थ्यांची उत्तरे अधिक प्रमाणात बरोबर आली. नूथ यांच्या मताला मिळालेली ही अनुभवाची जोड म्हणता येईल.

१९८६ मध्ये रॉय पी यांनी अधिक खोलवरचा गैरसमज नोंदविला. अटीची ओळ ओलांडून गेल्यावरही संगणक त्या अटीवर लक्ष ठेवून आहे, असे अनेक विद्यार्थी मानतात. चलाची किंमत १० असल्यास अमुक छापावे, ही अट आरंभी लिहिली व नंतरच्या आवर्तनात ते चल १० झाले, तर त्या वेळी छपाई होईल असे त्यांना वाटते.

मराठी भाषकांच्या संदर्भात या गैरसमजाचे मूळ सहज दिसते. 'जर पाऊस आला तर कपडे आत घे' ही बोलण्यातील सूचना दिवसभर लागू असते. ऐकणारा आकाशाकडे लक्ष ठेवतो. आज्ञावलीतील 'जर' मात्र नियंत्रण त्या ओळीवर आले त्या क्षणापुरताच असतो. 'जोपर्यंत–तोपर्यंत' या जोडीचेही तसेच आहे. 'जोपर्यंत पाणी उकळत नाही तोपर्यंत ढवळत राहा' या वाक्यात थांबण्याची घटना नकारासह येते. 'व्हाइल' मध्ये चालू राहण्याची अट लिहावयाची असते व 'अंटिल' मध्ये थांबण्याची. मराठीतील सहज रूप या दोहोंच्या मध्ये पडते. शिवाय पाणी उकळताच माणूस थांबतो, संगणक मात्र फेरी पूर्ण करून मगच अट तपासतो. हा भेद वर्गात उच्चारून दाखविला नाही, तर विद्यार्थी मातृभाषेतील अर्थ घेऊनच पुढे जातो.

८. चुकीची किंमत

या चुका नवशिक्यांपुरत्या मर्यादित नाहीत. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टची ३० गिगाबाइट क्षमतेची 'झ्यून' ही संगीत उपकरणे एकाएकी बंद पडली. दिवसांच्या संख्येवरून वर्ष काढणारे एक आवर्तन त्यास कारणीभूत होते. दिवस ३६५ पेक्षा अधिक असेपर्यंत ते चालू राही. लीप वर्ष असल्यास, दिवस ३६६ हून अधिक असतील तरच ३६६ वजा केले जात. लीप वर्षाच्या अखेरच्या दिवशी संख्या नेमकी ३६६ होती. आवर्तनाची अट सत्य राहिली, आतील अट असत्य ठरली, काहीच वजा झाले नाही आणि फेऱ्या अखंड चालू राहिल्या. बॅटरी उतरून दिनांक बदलल्यावरच उपकरणे पूर्ववत झाली.

फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आपल्या प्रणालीतील सुरक्षाविषयक गंभीर दोष दुरुस्त केला. महिरपी कंस नसलेल्या अटीखाली उडीची एकच ओळ दोनदा लिहिली गेली होती. त्यांपैकी दुसरी ओळ अटीच्या बाहेर असल्याने नेहमीच अमलात येई व पुढील तपासणी टळे. दोन्ही ओळींचा समास सारखा असल्यामुळे वाचणाऱ्याला त्या अटीच्या आत भासत. मजकूर आणि प्रक्रिया यांतील अंतर किती महाग पडू शकते, हे यावरून स्पष्ट होते.

झ्यूनमधील दोष एका साध्या प्रश्नाने उघड झाला असता. प्रत्येक फेरीत कोणती राशी निश्चितपणे घटते? हाच प्रश्न पहिल्या उदाहरणापासून विचारता येतो. १ ते १० या संख्यांच्या बेरजेच्या आवर्तनात, प्रत्येक फेरीच्या आरंभी 'बेरीज' या चलात चालू क्रमांकाच्या अलीकडील सर्व संख्यांची बेरीज असते. क्रमांक ११ झाला की आवर्तन थांबते आणि बेरीज ५५ असते. काय सत्य राहते व काय घटते किंवा वाढते, ही दोन विधाने मराठीत लिहिण्यास पाच मिनिटे पुरतात. गोल्डस्टाइन व फॉन नॉयमन यांच्या आकृत्यांतून गळलेली नोंद ती हीच.

निष्कर्ष

१) अट आणि आवर्तन या परस्परावलंबी संकल्पना आहेत. समाप्तीच्या अटीशिवाय आवर्तन म्हणजे केवळ चिकटवलेली फीत होय. म्हणून त्या स्वतंत्र प्रकरणे म्हणून न शिकविता एकत्र शिकविणे इष्ट आहे.

२) नियंत्रणप्रवाहाच्या रचनांचा विकास हा यंत्राचे सामर्थ्य वाढविण्यासाठी नव्हे, तर वाचणाऱ्याच्या आकलनासाठी झाला. 'गोटू' टाळण्याचा नियम कारणासह सांगितल्यासच त्याला शैक्षणिक मूल्य राहते.

३) संरचित पद्धत हे साधन आहे. मधून बाहेर पडणे ज्या प्रश्नात स्वाभाविक आहे, तेथे त्यासाठी गुण कापणे संशोधनाच्या आधारे समर्थनीय ठरत नाही.

४) मराठीतील 'जर', 'जोपर्यंत' या शब्दांचा व्यावहारिक अर्थ व संगणकीय अर्थ यांतील भेद अध्यापकाने प्रारंभीच स्पष्ट करावा.

५) परीक्षेत आज्ञावली लिहिण्याबरोबरच दिलेल्या आवर्तनाच्या फेऱ्या मोजणे, त्यात सत्य राहणारे विधान सांगणे व ते का थांबते याचे कारण देणे, अशा प्रश्नांना स्थान मिळावे.

भाषा बदलत राहतील. फोर्ट्रानच्या तीन क्रमांकांपासून आजच्या भाषांपर्यंत व्याकरण अनेकदा पालटले. नियंत्रण आता कोठे आहे, येथे कोणते विधान सत्य आहे आणि हे कधी थांबेल, हे तीन प्रश्न मात्र १८४३ पासून कायम आहेत. विद्यार्थ्याला ते विचारण्याची सवय लावणे हे प्रारंभिक अध्यापनाचे मुख्य कार्य होय.